माटुंग्यात नाव पुकारेपर्यंत

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास किंग्ज सर्कलला, भाऊ दाजी रोडवर, कॅफे मद्रासच्या दाराशी या. दारातल्या माणसाला नाव सांगा. "किती जण?" एवढेच तो विचारेल आणि लिहून घेईल. आता नाव पुकारले जाईपर्यंत तुम्हाला करण्यासारखे काही उरलेले नाही. फोन खिशातच राहू द्या. बाजूला, झाडाच्या सावलीत उभे राहा आणि दोन्ही पायांवर सारखा भार टाका.

आधी फक्त वास घ्या. सगळ्यात पुढे कॉफीचा येईल. तो ओसरला की तापल्या तव्यावर पडलेल्या लोण्याचा. मग कढीपत्ता, आंबट पीठ, सांबारातला हिंग. एकेक वेगळा काढून बघा. भूक लागलेली असतानाच हे नीट जमते. म्हणून या थांबण्याला मी जेवणातच धरतो.

आता आजूबाजूची माणसे बघा. फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारून आलेले आजी-आजोबा आहेत. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेला एखादा तरुण आहे. नवी मुंबईहून गाडी काढून आलेले कुटुंब आहे, त्यांचे लहान पोर कंटाळले आहे. सगळ्यांची नावे एकाखाली एक आहेत. तुमच्या आधीच्या नावाबद्दल मनात जरा चीड उमटते का? उमटू द्या, तिच्याकडे बघा. तो माणूसही तुमच्याइतकाच भुकेला आहे, फक्त थोडा आधी आला. हे मनापासून पटायला वेळ लागतो आणि रांगेत वेळ भरपूर असतो.

पायाखालच्या जमिनीचाही विचार करा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा न शिरणाऱ्या वस्त्यांत माणसे पटापट मेली. त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याची ही वस्ती आखली गेली. रुंद रस्ते, झाडे, मधूनमधून बागा. सकाळी दहालाही इथे सावलीत उभे राहता येते, ते त्या भयंकर काळात कुणीतरी मोकळ्या हवेची किंमत ओळखली म्हणून. ती हवा एकदा छाती भरून आत घ्या आणि सावकाश सोडा.

या वस्तीत दक्षिणेकडून माणसे आली. कुणी रेल्वेत, कुणी सरकारी कचेरीत, कुणी पेढीवर लागले. अनेक जण एकटे होते, घर लांब. अशा माणसाला संध्याकाळी खोलीवर परतताना काय हवे असते? ओळखीच्या चवीचा एक घास. स्टेशनजवळचे राम आश्रय १९३९ चे, हे कॅफे मद्रास १९४० चे, केळीच्या पानावर जेवू घालणारे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२ चे. चार वर्षांत, चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्या गिरणगावातल्या खाणावळींनी कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांसाठी जे केले, तेच यांनी कारकुनांसाठी केले. तुम्ही कधी परगावी एकटे राहिला असाल तर ती भूक आठवा. ती पोटाच्या जरा वर, छातीत असते.

नाव पुकारले गेले. आत जा. टेबल तुमचे एकट्याचे नसेल. समोर अनोळखी माणूस बसलेला असेल. बोललेच पाहिजे असे नाही. कोपर जरा आत घ्या, पाण्याचा पेला आपल्या बाजूला सरकवा, एवढी ओळख पुरे. ज्याच्या जातीपातीची, नोकरीची, गावाची काही कल्पना नाही अशा माणसासमोर बसून निवांत जेवणे ही मला साधी गोष्ट वाटत नाही. एके काळी या देशात तिच्यासाठी झगडावे लागले आहे. घास घेण्याआधी एकदा समोर बघा. तो कदाचित रसम वडा खात असेल, चमच्याने वडा दाबून रसम आत मुरवत.

तुमचा डोसा आला. लगेच तोडू नका. कडेला तो कागदासारखा पातळ आणि तपकिरी आहे, मध्यभागाकडे फिकट, आणि त्यावर बारीक छिद्रे आहेत. त्या प्रत्येक छिद्रात काल रात्री एक बुडबुडा होता. काल कुणीतरी तांदूळ आणि उडदाची डाळ भिजत घातली, वाटली, मीठ घालून हाताने फेसली आणि झाकून ठेवली. मग माणसांचे काम थांबले. डाळ-तांदळावर आधीपासूनच असलेले सूक्ष्म जीव रात्रभर खात राहिले, आंबटपणा आणि वायू सोडत राहिले आणि पीठ वर आले. मुंबईच्या दमट उष्म्याला आपण वर्षभर नावे ठेवतो. पीठ फुगते ते त्याच उष्म्यात. ही रात्र कुणालाही आवरती घेता येत नाही. बाहेर कितीही मोठी रांग लागो, आजचे पीठ आज येत नाही.

आता तुकडा तोडा. आधी चटणीशिवाय, नुसता. कडेचा कुरकुरीतपणा, मग आतला मऊपणा, मग जिभेच्या कडांना लागणारा आंबटपणा. गिळण्याची घाई नको. दुसऱ्या घासाला चटणी घ्या. नंतरचे घास तुमच्या मनाने.

कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओता. ती निवते, फेस येतो आणि हातांना काम मिळते. शेवटचा घोट चिकोरीमुळे किंचित कडवट लागेल.

आणि आता दाराकडे बघा. काचेपलीकडे माणसे उभी आहेत. इथे बसून राहावेसे वाटते, ते स्वाभाविक आहे. पण कुणी बिल आणून ठेवायच्या आत, स्वतःहून उठण्याची इच्छा आत कुठे जागी होते का, ते शोधा. मला वाटते ती होतेच, पोट भरल्याची ती खरी खूण असते. समोरच्याला मान हलवून निरोप द्या, पैसे द्या आणि जागा मोकळी करा. मग किंग्ज सर्कलच्या महेश्वरी उद्यानाला हवी तेवढी प्रदक्षिणा घाला.

सोमवारी हे हॉटेल बंद असते. आठवडाभर तव्यापाशी, धगीसमोर उभ्या असलेल्या पायांना त्या दिवशी विसावा. तरी मंगळवारी सकाळी इडली हवी तर तिची डाळ नि तांदूळ कुणीतरी सोमवारीच भिजत घालायला हवेत.