‘ग्रास’ शब्दाचा अर्थ आणि भिक्षूची मर्यादा

मराठीतील ‘घास’ शब्दाचा संबंध संस्कृत ‘ग्रास’ शब्दाशी जोडला जातो. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. एका वेळी मुखात घेऊन गिळता येईल एवढे अन्न, तो ग्रास. ‘कवल’, मराठीत ‘कवळ’, याचाही अर्थ हाच. शीत, कण, तुकडा हे शब्दही अल्प अन्नाचे वाचक खरे. परंतु त्यांत खाणारा अभिप्रेत नसतो. शीत पात्रात पडून राहिले तरी शीतच. घास मात्र कोणाच्या तरी मुखाच्या अपेक्षेनेच घास होतो. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून ग्रासनियमांचे मर्म उकलत नाही.

धर्मसूत्रांत मुनीस 8, वानप्रस्थास 16 व गृहस्थास 32 ग्रास सांगितले असून ब्रह्मचाऱ्यास संख्येचे बंधन नाही. यतिचांद्रायणात नित्य 8 ग्रास, म्हणजे 30 दिवसांत 240 होतात. येथे अशी शंका येते की, मुखे लहानमोठी असतात. 8 मोठे घास घेणारा 16 लहान घास घेणाऱ्याइतकेच जेवेल. मग संख्येने काय साधले? याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रास मोराच्या अंड्याएवढा, तर पराशरस्मृतीत कोंबडीच्या अंड्याएवढा सांगितला आहे. संख्या पाळून घास वाढविण्याची वाट त्यामुळे बंद होते. जैन आचारातही पुरुषाचा पूर्ण आहार 32 कवळांचा मानून, त्याहून न्यून आहारास ‘ऊनोदरी’ हे तप म्हटले आहे.

तथापि प्रमाण ठरले तरी प्रश्न संपत नाही. कारण घास वळणारा हात खाणाऱ्याचाच असतो. शिवाय संख्येचा विचार केवळ खाणाऱ्याच्या देहापुरता राहतो. भिक्षूच्या झोळीतील घास तेथे येण्यापूर्वी कोणाचा होता, हा विचार त्यात येत नाही.

तो विचार लोकभाषेने जपून ठेवला आहे. ‘घासातला घास देणे’ आणि ‘तोंडचा घास काढून घेणे’ या दोन्ही प्रयोगांत अन्न एकाच्या मुखातून दुसऱ्याकडे जाते. पहिल्यात ते देणाऱ्याच्या इच्छेने जाते, दुसऱ्यात घेणाऱ्याच्या लोभाने. बाहेरून कृती सारखी. एक दान, दुसरे अपहरण.

चार प्रौढांच्या घरात 32 प्रमाणे 128 ग्रास शिजतात असे मानावे. भिक्षूने आपले 8 ग्रास त्या एकाच घरी घेतले, तर घराचा सोळावा भाग गेला. 8 घरी एकेक घेतला, तर प्रत्येकाचा 128वा भागच गेला. पहिल्या घरी शेवटी जेवणाऱ्या गृहिणीस ती उणीव जाणवेल. दुसऱ्या रीतीने कोणासही जाणवणार नाही. भिक्षूचे पोट दोन्हीकडे सारखेच भरले. श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारात भिक्षेच्या जोडीला अटन आहे, त्याचे एक प्रयोजन या दृष्टीनेही समजून घेता येते. जो एका ठिकाणी राहत नाही, त्याचा भार एका चुलीवर पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, दात्यास देण्याचे श्रेय लाभते, मग भिक्षूने हात का आखडावा? उत्तर असे की, दात्याचे श्रेय त्याच्या देण्यात आहे आणि भिक्षूचा धर्म त्याच्या घेण्यात आहे. एकाच्या औदार्याने दुसऱ्याचा अतिरेक शुद्ध होत नाही. मात्र निर्धनाने प्रेमाने पुढे केलेले अन्न सर्वथा नाकारणे हाही त्याचा अव्हेरच. तेथे किंचित स्वीकारून पुढे जावे. देणाऱ्याचा मान राहतो आणि त्याचे पानही रिते होत नाही.

सूर्य पूर्ण झाकला जातो, तेव्हा त्या ग्रहणास खग्रास म्हणतात. चिंतेने माणूस ‘ग्रासला’ असेही म्हणतात. गिळणारा स्वतःही गिळला जातो, हे या धातूच्या प्रयोगातूनच दिसते. ज्याने घास मोजला पण तो कोणाच्या मुखातून आला हे पाहिले नाही, त्याचे व्रत संख्येने पूर्ण झाले तरी लोभाने त्यास ग्रासलेलेच असते. म्हणून साधकाने प्रथम घासाचा धनी पाहावा, मग घास मोजावा.