गुळाचा वास

चैत्रात आबांच्या गोठ्यातली हिरवी वैरण संपली आणि मुरघास विकत घ्यायची वेळ आली. मक्याचा मुरघास विकणारे जवळपास दोघेच. एकाचा माल पिवळसर हिरवा, आंबूस. दुसऱ्याचा तपकिरी, पण पिशवीचं तोंड सोडलं की गुऱ्हाळावर आल्यासारखं वाटायचं.

आबांनी दोन्हींची घमेली गाईपुढे ठेवली. तिनं आंबूस माल हुंगून सोडला, तपकिरी चाटूनपुसून खाल्ला.

"जनावर खोटं बोलत नाही," आबा म्हणाले.

सुनेनं तपकिरी मुरघास मुठीत घट्ट दाबून मूठ उघडली. सगळा भुगा खाली सांडला.

"मामा, मका फार वाळल्यावर कापलाय. ओलावा ६५ ते ७० टक्के हवा, हा ६०च्या खाली असणार. असा माल ट्रॅक्टरनं तुडवला तरी नीट दबत नाही. आत हवा राहते नि खड्डा तापतो."

विकणाऱ्यानं प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. कोरड्या वजनावर प्रथिनं ८ टक्के. मक्याच्या मुरघासात ७ ते ९ असतात, म्हणजे चांगलीच. आता काय म्हणतेस, अशा नजरेनं आबांनी सुनेकडे पाहिलं.

कागदही खोटा नव्हता, हीच खरी गोम. मुरघास फार तापला की त्यातली साखर नि प्रथिनं एकमेकांत अडकतात. तो रंग आणि तो गोड वास त्यातूनच येतो. प्रथिनांच्या नेहमीच्या चाचणीत मोजला जातो नायट्रोजन, आणि तो तर तिथंच असतो. फक्त गाईला तो पचत नाही, शेणावाटे निघून जातो. असा अडकलेला नायट्रोजन एकूणाच्या १०-१२ टक्क्यांपुढे गेला, तर माल भाजला असं धरतात. पण ती चाचणी वेगळी सांगावी लागते, आणि विकणारा ती कशाला सांगेल?

"तेवढी करून घेऊ," सून म्हणाली. आबांनी ट्रॉली भरायला लावली. निम्मे पैसे रोख, निम्मे महिन्यानं.

गाई गव्हाण साफ करत होत्या आणि दूध उतरत होतं. आबांनी आधी उन्हाला बोल लावला, मग धार काढणाऱ्याला. सून काही बोलली नाही. डेअरीच्या पावत्या तेवढ्या रोज खुंटीला लावत गेली, आणि एक दिवस मूठभर नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाऊन आली. अडकलेला नायट्रोजन २० टक्क्यांच्या वर निघाला.

विकणारा बाकी मागायला आला, तेव्हा आबा तो कागद घेऊनच ओट्यावर बसले होते. त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही.

"आबा, गाईनं एक दिवस तरी टाकला का?"

"नाही."

"माझ्या अहवालात काही खोटं होतं?"

"नाही."

आबांनी पैसे मोजून दिले. तो गेल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "उरलेल्या पिशव्यांचं काय करायचं?"

"बुरशी नसेल ती भाकड गाईंना थोडी थोडी घालू. दुभत्यांना आंबूस आणू. आणि तोवर सरकी पेंड वाढवावी लागेल."

"पेंडीचा खर्च?"

"तो याच मुरघासाच्या भावात धरा, मामा."