पारोसची दारे

ग्रीसच्या यात्रेत वाट थोडी वाकडी करून आम्ही पारोस बेटावरील ‘शंभर दारांची माता’ या प्राचीन ख्रिस्तमंदिराच्या दर्शनाला निघालो होतो. पिराइयसहून सुटलेली फेरीबोट बेटाजवळ आली, तेव्हा कठड्यापाशी उभ्या असलेल्या एका वृद्ध ग्रीक गृहस्थाने पाण्यातून वर आलेल्या खडकांकडे बोट दाखविले आणि ऑर्थोडॉक्स रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे क्रुसाची खूण केली. त्या खडकांचे नाव पोर्तेस, म्हणजेही दारेच.

२६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस समिना’ ही फेरीबोट याच खडकांवर आदळली. पाचशेहून अधिक माणसे तिच्यावर होती. त्यांतील ऐंशीहून अधिक प्राणांस मुकली. खडक काही अज्ञात नव्हते, त्यांवर दिवाही होता. बोटीचा एक कप्पा फुटला तर पाणी दुसऱ्यात शिरू नये, यासाठी अकरा जलरोधक दारे होती. त्यांपैकी नऊ उघडी होती. तासाभराच्या आत बोट बुडाली. सोसाट्याच्या वाऱ्यात पारोसचे कोळी आपापल्या होड्या घेऊन अंधारात धावले आणि कित्येकांना त्यांनी पाण्यातून वर ओढले. (उत्तन-अर्नाळ्याच्या वाचकांना त्या रात्रीची कल्पना मी काय करून द्यावी!)

पुढे कप्तानाला व पहिल्या अधिकाऱ्याला तुरुंगवास झाला. ते योग्यच. परंतु माझे मन त्या दारांपाशी अडले. असे दार उघडे राहते ते दुष्टाव्याने नव्हे. जाता-येता दर वेळी ते लावण्याचा कंटाळा, एवढेच. हा कंटाळा एका रात्रीत जन्माला येत नाही. मग ज्या रात्री दार उघडे राहूनही बोट सुखरूप बंदराला लागते, त्या रात्रीचा हिशेब कोण मागतो?

पापाचे गांभीर्य जाणिवेत व संमतीत असते, परिणामाच्या योगायोगात नव्हे, असे सेमिनरीत आम्हांला शिकविले होते. परीक्षेत मी ते उत्तम लिहिलेही होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात याचे उदाहरण आहे. क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर संत पौल सांगतो की, आता पुढे जाणे धोक्याचे आहे. शताधिपती मात्र सुकाणूवाल्याचे व जहाजाच्या धन्याचे ऐकतो. दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सर्वांना आपलेच खरे वाटते. पुढे वादळ, चौदा दिवसांची फरफट आणि शेवटी जहाज फुटते. तरी २७६ माणसांतील एकही दगावत नाही. सर्व वाचले म्हणून तो निर्णय निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. पौलाने नंतर तसे तोंडावर सुनावलेही.

तरीही, ऐंशी मृतांचा दोष आणि शून्य मृतांचा दोष एकाच तराजूत घालताना माझा हात कचरतो. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्यापुढे उभे राहून मला तसे म्हणता येणार नाही. सिद्धांत खरा असावा. पण तो उच्चारण्याचा अधिकार प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला असतोच असे नाही.

इतकी वर्षे मी पापनिवेदन ऐकत आलो. ज्या हयगयीतून काही वाईट घडले नाही, तिची कबुली सहसा कोणी देत नाही. मीही दिली नव्हती. एका धर्मग्रामात असताना रात्री अकराच्या सुमारास एका आजाऱ्याच्या घरून निरोप आला. पाऊस होता, मी दमलो होतो. ‘पहाटे येतो’ म्हणून सांगितले आणि झोपलो. पहाटे गेलो, तो माणूस जिवंत होता. तैलाभ्यंग झाला, घरच्यांनी चहा दिला, माझे आभार मानले. पुढे तो बरा होऊन मिस्सालाही येऊ लागला. चर्चच्या पायरीवर भेटला की मला आनंद होई. त्या रात्रीची आठवण मात्र कधी झाली नाही.

ती झाली पोर्तेसचे खडक मागे पडताना. यात्रेतून परतल्यावर मी एका सहकारी धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारले, “त्या रात्री तो जागा होता का?” ते मी कधी विचारलेच नव्हते.