कौशल्य आणि विवेक

केकची वा कस्टर्डची चव वाफेत पुरेपूर उतरावी म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळी ई-सिगारेटची तार स्वहस्ते वळतात. जाड तारेभोवती बारीक तार गुंडाळली की तापणारा पृष्ठभाग वाढतो व स्वाद खुलतो. हे कौशल्य खरेच; परंतु हात कुशल असला म्हणजे कृती निर्दोष ठरते काय?

अशा काही गोड द्रवांत लोण्याचा स्वाद देणारे डायअसिटाइल आढळले आहे. अन्नात ते निर्धोक मानले जाते. त्याचीच वाफ श्वासावाटे गेल्याने मिसूरीतील पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर विकार जडल्याचे २००० साली उघडकीस आले. जिभेला मानवते ते श्वासाला मानवेलच असे नाही.

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीस कायद्याने बंदी आहे. कायदा हात अडवतो. मन विवेकानेच वळते. वाचकहो, ‘किती उत्तम साधेल?’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी?’ असे आपण स्वतःस विचारतो काय?