राखणीची मजुरी

वन्य प्राणी आणि माणूस यांच्यातील संघर्षाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा होते, ती हल्ली बहुधा 'सहजीवन' या शब्दापाशी येऊन थांबते आणि तो शब्द उच्चारला की प्रश्न सुटला, असे मानण्याची सवय अभ्यासक, प्रशासन आणि वृत्तपत्रे या तिघांनाही लागलेली दिसते. एकाच भूभागावर माणसाने आणि वन्य प्राण्यांनी एकमेकांना संपवून न टाकता राहणे, एवढाच त्या संज्ञेचा अर्थ आहे आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो तिच्यामागील गृहीतकाशी. सहजीवन हा मुख्यतः मनोवृत्तीचा प्रश्न असून लोकांची भीती गेली आणि जाणीव वाढली की ते आपोआप साधेल, असे धरून चालले जाते आणि पुरावा म्हणून मुंबईकडे बोट दाखवले जाते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे 104 चौरस किलोमीटर क्षेत्राला खेटून लाखो माणसे राहतात, बिबटे रात्री वस्त्यांच्या कडेने फिरतात आणि 2011 पासून चाललेल्या 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमाने रहिवाशांना त्यांच्यासोबत राहायला बरेचसे शिकवले, हे खरेच आहे. मात्र उद्यानातील आदिवासी पाड्यांचा अपवाद वगळला, तर त्या रहिवाशांचे पोट बिबट्या ज्या जमिनीवरून चालतो तिच्यावर अवलंबून नसते. कचरा उघड्यावर न टाकणे आणि बिबट्या दिसल्यावर गर्दी न करणे, एवढी किंमत मोजून साधणारे सहजीवन जेथे पिकावर घर चालते तेथे तसेच्या तसे लागू करता येत नाही.

या गृहीतकाची खरी परीक्षा किनाऱ्यावरच्या लहान गावांत होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर हे त्यांपैकी एक बोलके उदाहरण आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीत वरचा पाट, खालचा पाट असे हे गाव लांबच लांब पसरले असून रस्त्याच्या कडेला घरे, घरांमागे माड-पोफळींच्या वाड्या, त्यांच्यामागे सुरूचे बन आणि त्यापलीकडे पुळण, अशी त्याची ठेवण आहे. डोंगराच्या अंगाने काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडे उतरतात, माडावरची कोवळी फळे तोडून टाकतात, फणस, केळी, पपई आणि परसातली भाजी खातात, आंब्याचा मोहर ओरबाडतात आणि उड्या मारून कौले फोडतात. किनारपट्टीवर अनेकांनी कौलारू छपरे उतरवून पत्रे घातले, ते याच जाचामुळे. रात्री रानडुकरे जमीन उकरतात, बिबट्या दारातले कुत्रे उचलतो आणि अधूनमधून कठडा नसलेल्या विहिरीत पडून वनखात्याला कामाला लावतो. याच गावच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला सापडली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांच्या परस्परसंबंधाचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

माकडे, डुकरे आणि बिबटे वस्तीत का येतात, याचे सर्वाधिक ऐकू येणारे स्पष्टीकरण अतिक्रमणाचे आहे. माणसाने जंगल तोडले, प्राण्यांच्या घरात तो शिरला, म्हणून प्राणी त्याच्या घरात शिरले, हे विधान शालेय निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र आढळते आणि त्याला विरोध करणारा निसर्गद्रोही समजला जातो. देशाच्या काही भागांत ते खरेही असेल. धरणे, खाणी आणि महामार्ग यांनी सह्याद्रीची जी चिरफाड केली ती कोणी नाकारू नये, आणि कोकणातील खासगी रानांची तोडही नाकारण्यासारखी नाही. तरीही किनाऱ्यावरील संघर्षाचे कारण म्हणून हे विधान टिकत नाही.

पहिली अडचण लोकसंख्येची आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही ती घटलीच. जेथे माणसे कमी होत आहेत तेथे माणसांच्या वाढत्या रेट्याने प्राण्यांना हुसकावले, असे म्हणणे तर्काला धरून नाही. दुसरी अडचण जमिनीची आहे. रत्नागिरीत सरकारी वनक्षेत्र अत्यल्प असून झाडीखालची बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला गाव अशी जी सीमारेषा अतिक्रमणाच्या सिद्धांताला हवी असते, ती या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी नव्हतीच. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, म्हणजे भातखाचराखेरीजच्या हलक्या जमिनीत, नाचणी आणि वरी पिकत असे. खोती, कुळकायदा, मुंबईच्या गिरण्या आणि मनीऑर्डरवर चाललेली घरे यांचा इतिहास वाचकांना परिचित आहे. येथे त्यातला एवढाच धागा लक्षात घ्यायचा, की ती वरकस शेती टप्प्याटप्प्याने सुटली आणि तिच्यावर रान माजले. पुढे 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली व उरलेल्या उतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. नाचणीच्या शेतात पेरणीपासून कापणीपर्यंत माणसाची रोजची ये-जा असे, कलमांच्या बागेत ती हंगामापुरतीच असते. डोंगरावर खाणे वाढले आणि माणूस कमी झाला, हा या दोन्ही बदलांचा एकत्रित परिणाम होय.

तिसरी अडचण प्राण्यांच्या स्वभावाची आहे. लाल तोंडाचे माकड हा काही घनदाट अरण्यातून बेघर होऊन आलेला निर्वासित नाही. देवळे, हमरस्ते, बागा आणि गावे यांच्या आसपास राहणे त्याला पूर्वापार मानवते. बिबट्याही उसाच्या फडात पिल्ले वाढवतो, हे जुन्नर-नारायणगावच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. असे असताना 'जंगलात फळझाडे लावा, म्हणजे प्राणी गावात येणार नाहीत' हा उपाय मोठ्या उत्साहाने सुचवला जातो, तेव्हा मुबलक खाण्याने प्राण्यांची संख्या वाढते, हा प्राथमिक नियम विसरला जातो. कोकणात फळझाडे लावूनच तर डोंगर भरले आहेत.

अतिक्रमणाच्या सिद्धांताचा चौथा आणि सर्वांत गंभीर दोष नैतिक स्वरूपाचा आहे. 'माणूस' दोषी आहे असे म्हटले, की दोष सर्वांमध्ये समान वाटला जातो आणि त्यामुळे तो कोणाच्याच खिशाला लागत नाही. पुण्या-मुंबईचा वाचक मान डोलावून आपली अपराधी भावना व्यक्त करतो, तर त्या अपराधाचा दंड खालच्या पाटातली सत्तरीची बाई उन्हात उभी राहून, डबा वाजवून भरते. ज्यांनी जंगल तोडले आणि ज्यांनी आयुष्यात एक फांदीही तोडली नाही, त्यांच्यातला फरक पुसून टाकणारा हा सिद्धांत करुणेचा वाटत असला, तरी प्रत्यक्षात तो जबाबदारी टाळण्याची सोय करून देतो.

उरलेल्या मतांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. नसबंदीने प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी हिमाचल प्रदेशाकडे पाहावे, जेथे दीड लाखांहून अधिक माकडांची नसबंदी होऊनही शेतकऱ्यांची तक्रार मिटलेली नाही. नियंत्रित शिकारीला मुभा द्यावी, ही माधव गाडगीळ यांच्यासारख्या ज्येष्ठ परिसरतज्ज्ञाने मांडलेली भूमिका विचारार्ह असली, तरी ज्या गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक वापरण्याइतका धडधाकट माणूसच उरला नाही, तेथे ती कागदावर राहते. माकड पकडून दूर सोडणे म्हणजे एका गावचा त्रास दुसऱ्या गावाच्या माथी मारणे होय.

या साऱ्या चर्चेतून एक भेद निसटतो आणि तो नुकसान व राखण यांतला आहे. नुकसान ही घटना असते. ती घडते, दिसते, मोजता येते आणि तिचा पंचनामा करता येतो. राखण, म्हणजे पिकाजवळ थांबून प्राण्यांना दूर ठेवण्याचे काम, हे श्रम आहेत. ते सतत चालतात आणि ते यशस्वी झाले की त्यांचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. राज्याची सगळी व्यवस्था नुकसानीभोवती उभी आहे. वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी महाराष्ट्राने 2023 मध्ये स्वतंत्र कायदा केला, हे स्वागतार्ह पाऊल होते, पण त्यातील मूळ कल्पना जुनीच राहिली. मुदतीत अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा आणि मग रक्कम मिळायची. ज्याने दिवसभर उभे राहून बाग वाचवली त्याला या व्यवस्थेत काहीच मिळत नाही आणि ज्याची बाग गेली त्याला थोडेफार मिळते. राखण करणाऱ्याला ती उणे गुण देते म्हटले तरी चालेल. शिवाय माकडांच्या धास्तीने ज्याने भुईमूग, नाचणी किंवा परसातली भाजी लावणेच सोडून दिले, त्याच्या हानीची नोंद कोठेच नाही, कारण न पेरलेल्या शेताचा पंचनामा होत नाही. कोकणातले सर्वांत मोठे नुकसान बहुधा याच नोंद नसलेल्या रकान्यात आहे.

राखणीला मोल नसते असे मात्र नाही. हापूसच्या मोठ्या बागायतदारांनी तिचे मोल केव्हाच ओळखले असून रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या बागांत हंगामात नेपाळी कामगार राखणीला ठेवले जातात, त्यांना पगार दिला जातो आणि तो आंब्याच्या उत्पादनखर्चात धरला जातो. ज्याच्याकडे पाचपन्नास माड आणि चार गुंठ्यांची भाजी आहे, त्याला गुरखा परवडत नाही. त्याच्या घरची राखण म्हाताऱ्या माणसांवर आणि बायकांवर पडते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. चाकरमानी मुंबईत असल्याची ही खूण आहे आणि राखण कोणाच्या वाट्याला आली, याचे उत्तरही तीच आकडेवारी देते.

याहून बोलका पुरावा गुहागरच्याच पुळणीवर सापडतो. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 च्या सुमारास सुरू केलेले कासवसंवर्धनाचे काम पुढे किनारपट्टीभर पसरले. भल्या पहाटे पुळण धुंडाळून घरटी शोधायची, कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, पुन्हा पुरायची आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, हे काम करणाऱ्या स्थानिकांना 'कासवमित्र' म्हणतात व त्यांना त्याबद्दल शासनाकडून मानधन मिळते. हे योग्यच आहे आणि कासवे त्यामुळेच तगली. मात्र यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, की राखण हे मोबदला देण्याजोगे काम आहे, हे तत्त्व शासनाला मान्य आहे. सुरूच्या बनाच्या पलीकडे प्राण्याची राखण करणाऱ्याला मानधन आणि अलीकडे प्राण्यापासून वाडी राखणाऱ्याला केवळ सहिष्णुतेचे प्रवचन, ही विषमता कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते, याचे उत्तर सहजीवनाच्या पुरस्कर्त्यांनी द्यायला हवे.

राखणीला मजुरी दिली तर खोटे हजेरीपट भरले जातील, असा आक्षेप येईल आणि तो पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. पण खोट्या पंचनाम्यांच्या भीतीने भरपाई बंद झालेली नाही. वाडीवार राखणदार ग्रामसभेने निवडावेत, मोहरापासून फळ उतरेपर्यंत आणि खरिपात पेरणीपासून कापणीपर्यंत त्यांना कामावर धरावे, आणि 1977 च्या कायद्याने रोजगाराची हमी देणाऱ्या या राज्याने राखणीला हमीच्या कामांच्या यादीत स्थान द्यावे, इतकी साधी ही मागणी आहे. तिने माकडे नाहीशी होणार नाहीत, आणि तसे होणे अपेक्षितही नाही. त्यांच्यासोबत राहण्याचा खर्च मात्र ज्यांना वन्यजीव हवे आहेत त्या सर्वांमध्ये वाटला जाईल. यापुढे मानव-वन्यजीव संघर्षावरील कोणत्याही धोरणाचा मसुदा समोर आला, की किनाऱ्यावरच्या ग्रामसभांनी आणि नगरपंचायतींनी त्यात नुकसानभरपाईच्या दरांशेजारी राखणीच्या मजुरीचा दर आहे की नाही, एवढे आधी पाहावे, आणि तो नसेल तर मसुदा परत पाठवावा.