नाव कोणाचे?

बल्गेरिया देशात मनुष्याला जन्मदिवसाखेरीज आपल्या नावाचाही एक दिवस असतो. तेथील ख्रिस्ती पंचांगातील दिवस निरनिराळ्या संतांना वाहिलेले असून, ज्याचे नाव ज्या संतावरून पडले त्याचा तो ‘नामदिन’ होय. ७ जानेवारी हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. त्या दिवशी इवान, इवांका, कालोयान अशा नावांचे सारे लहानथोर उत्सवमूर्ती होतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे त्यांना भर हिवाळ्यात विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्याने न्हाऊ घालतात. ६ मे रोजी गेओर्गीच्या घरी कोकराचे जेवण. ६ डिसेंबर हा संत निकोलाचा. तो खलाशांचा व कोळ्यांचा कैवारी, म्हणून त्या दिवशी कार्प मासा शिजलाच पाहिजे. ज्यांची नावे फुलांवरून पडली त्यांना संत कोठून मिळावा? तर ईस्टरच्या आधीचा रविवार त्यांना दिला आहे. त्सवेतान, मार्गारिता, रोझा यांची तेथे सोय लागते. या सोयीचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

परंतु विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. वाढदिवसाला यजमान बोलावील तोच जातो. नामदिनाला बोलावणे नसते. नाव ठाऊक असले की पुरे. यजमानाने पाने मांडून वाट पाहावी, आणि येणाऱ्याने ‘हे नाव आरोग्याने वाहा’ असे चिंतावे. ‘वाहा’ हा शब्द मार्मिक आहे. नाव हे कोणी स्वतः घडविलेले नसते. तेथील परिपाठाप्रमाणे ते बहुधा आजा-आजीकडून आलेले असते, हजारोंशी वाटून घेतलेले असते, आणि ते धन्यापेक्षा हाक मारणाऱ्यांच्याच तोंडी अधिक असते. मग त्याच्या उत्सवात इतरांना हक्काने शिरता यावे यात नवल ते काय?

तर मग नाव समाजाच्या मालकीचे, असे म्हणावयाचे काय? याच देशात १९८४ च्या डिसेंबरात साम्यवादी सरकारने तुर्की अल्पसंख्याकांची नावे बदलण्याची मोहीम उघडली. सैनिक व पोलीस गावांना वेढा घालीत. काही महिन्यांतच आठ लाखांवर माणसांची मुसलमानी नावे जाऊन बल्गेरियन नावे दप्तरात चढली. मेलेल्या बापांची नावेदेखील सुटली नाहीत. सरकार या प्रकाराला पुनरुज्जीवन म्हणे; तुमचे मूळचेच तुम्हांस परत देत आहो, असा त्याचा आव होता. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस नावे परत देण्याचे ठरले, आणि २०१२ साली तेथील संसदेने या सक्तीचा निषेध केला.

पाहुणा न बोलावता आला, आणि शिपाईही न बोलावताच आला. दोघांनाही वाटले की या नावावर आपला अधिकार आहे. मात्र पाहुणा आहे ते नाव उच्चारण्यास येतो. त्यातले एक अक्षरही इकडचे तिकडे करण्याची त्याला मुभा नाही. नाव दुसऱ्यांनी दिलेले असते हे खरे, पण देणाराचा हक्क देण्याबरोबरच संपतो, असे आम्हांस वाटते. हा न्याय लावू लागलो म्हणजे तो आमच्या माजघरापर्यंतही येतो. लग्नात तांदळाच्या ताटात वधूचे नवे नाव लिहून पेढे वाटले जातात. तेथे शिपाई नसतो, लोभ असतो. तरी तिला विचारले होते काय, हा प्रश्न उरतोच.

बल्गेरियात नावे परत घेण्याची मोकळीक झाल्यावरही काहींनी दप्तरातले नवे नाव तसेच राहू दिले, कोणी सोयीसाठी, कोणी मुलांसाठी. अशा एखाद्याचे नाव आज इवान असेल, तर ७ जानेवारीस शेजाऱ्याने त्याच्या दारी जावे काय? आमच्या मते जावे, पण आधी त्याला विचारून. आणि विचारले म्हणजे त्यापुरती नामदिनाची जुनी रीत आपण मोडली, हे शेजाऱ्याने खुशाल पत्करावे.