इतर मार्ग

देवानं म्हातारपण दिलं आणि सरकारनं पेन्शन दिली, अशी निवृत्त होईपर्यंत माझी समजूत होती. पैकी दुसऱ्या देणगीवर कर असतो, हे निवृत्तीनंतर कळलं. (पहिलीवरही असतो. तो औषधाच्या दुकानात भरावा लागतो.)

मोताळ्याच्या बसस्टँडजवळ चहाच्या हॉटेलात आम्ही चार-पाच पेन्शनर सकाळी जमतो. मलकापूरची गाडी जाईपर्यंत राजकारण, ती गेली की आयकर. ‘जो कामच करत नाही त्याच्यावर कर कसला?’ हा आमच्या बाकाचा लाडका सिद्धांत. मीही तो २०१८ पर्यंत हिरिरीनं मांडत असे.

त्या वर्षी पगारदारांना ४० हजारांची सरसकट वजावट मिळाली. आम्हाला ती आहे की नाही, यावर बाकावर बरेच दिवस खल झाला. शेवटी एप्रिलमध्ये वरूनच खुलासा आला की आहे. कारण जुन्या मालकाकडून येणारी पेन्शन कायद्याच्या लेखी ‘पगार’च. पगार! मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. घंटा नाही, हजेरी नाही, तपासणीला साहेब नाही आणि तरी पगार! खरं सांगतो, छाती दोन इंच फुगली.

तशी ती अधूनमधून फुगतेच. नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ला सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या नोकरीचा हक्क. तेव्हापासून ती तारीख आमचा सण झाली. पण मग कराबद्दल कुरकुर कशाला? मानाच्या वेळी पगार आणि कराच्या वेळी खिरापत, असं दोन्हीकडून कसं चालेल? हे मी बाकावर बोललो. त्या दिवशी चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

पुढं जुलैत रिटर्न भरायला बुलढाण्याला वकिलाकडे गेलो. डोळे तपासून घ्यायचे म्हणून ही बरोबर होती. माझं आटोपल्यावर हिनं सहज विचारलं, “यांच्या माघारी मले जे भेटन, तेबी पगारच का?”

वकील म्हणाले, “नाही बाई. फॅमिली पेन्शन पगारात धरत नाहीत. ते ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’. त्याला पगाराची वजावट नाही. एक तृतीयांश किंवा १५ हजार, जे कमी असेल ते.”

“अन् त्या इतर मार्गात अजून काय काय असते?”

“बँकेचं व्याज, लॉटरीचं बक्षीस…”

कारणही त्यांनी नीट सांगितलं. सरकार माझं मालक होतं, हिचं नव्हतं. कायदा म्हणून बिनचूक. ही काही बोलली नाही. परतीला एस.टी. राजूरचा घाट उतरू लागली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “म्हंजे तुमी गेले की मले लॉटरी लागन.”

मी हसलो, ही हसली नाही. मग घाट संपेपर्यंत मला नको ते आठवू लागलं. चौतीस वर्षं सकाळी सहाला डबा. वार्षिक परीक्षेच्या पेपरांच्या बेरजा, ज्या मास्तराच्या चुकायच्या आणि मास्तरणीच्या नाही. शाळेच्या खिचडीचे तांदूळ आमच्याच ओसरीवर निवडले जायचे. हिची हजेरी कुठल्या मस्टरवर नव्हती, एवढंच. पेन्शन म्हणजे केलेल्या कामाचं राहिलेलं वेतन, असं न्यायालयाच्या जोरावर मी बाकावर छाती ठोकून सांगतो. त्यातलं काम नेमकं कुणी केलं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर आकडे बदलत गेले. २०२४ मध्ये नव्या पद्धतीत पगाराची वजावट ७५ हजार झाली, फॅमिली पेन्शनची २५ हजार. २०२५ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा करच शून्य झाला आणि आमच्या बाकावर अवकळा आली. दुखणं बरं झालं की म्हातारा माणूस बोलणार कशावर? घरी येऊन मी हिला ही बातमी दिली, म्हटलं, आता तुलाही काही भरायला नको.

“नाव बदललं का?”

“कशाचं?”

“इतरचं.”

नव्हतं बदललं. तसं सांगितलं. त्यानंतर हिनं तो विषय काढला नाही. फक्त सकाळी मी दुसऱ्यांदा चहा मागितला की भांडं हातात धरून विचारते, “हा पगारात धरू का इतर मार्गात?”